अक्कलदाढ

डंडीत, हिलटाऊनच्या चढावर, नसरीनआपाच्या दुकानात
विजेची किल्ली भरून मिळते.
पाच पौंड, नाहीतर दहा. मी पाचवाला.
घरी येऊन किल्ली मीटरमध्ये खुपसायची
आणि आकडा वर चढेपर्यंत श्वास धरायचा.
आपण घरात नसलो तरी मीटर रोज थोडं खातं.
उपाशी ठेवलं
तर पुढच्या खेपेला मागचं धरून खातं.

पगार अठ्ठावीसला.
एकला भाडं, तीनला कौन्सिल टॅक्स, सहाला फोन,
आणि नऊ तारखेला रात्री साडेसातला मी
सुपरमार्केटात, पिवळ्या स्टिकरची वाट बघत.
माझ्यासारखे आणखी चार जण. कुणी कुणाकडे बघत नाही.
स्टिकर लावणारी मुलगी आली की
आम्ही सगळे एकदम दह्यावरची तारीख वाचू लागतो.

बँकेच्या अ‍ॅपात बचतीचे कप्पे करता येतात.
नाव द्या म्हणतं.
लोक देतात स्पेन, गाडी, लग्न.
मी दिलं अक्कलदाढ.
खालची, डावीकडची, ऑगस्टपासूनची.
सरकारी दंतवैद्याची यादी बंद,
खाजगीवाला म्हणाला चारशे तीस.
कप्प्यात एकसष्ट.
कॉफी घेतली की वरची चिल्लर आपोआप कप्प्यात पडते,
म्हणजे दाढेसाठी कॉफी प्यायची
आणि कॉफीने दाढ ठणकायची.

नसरीनआपा कमिटी चालवते.
ब्लेसिंग त्याला अजो म्हणते, मी भिशी.
बसवाल्या वोइचेखला काहीच म्हणता येईना,
म्हणून तो पैसे दोनदा मोजून द्यायचा.
आठ जण, महिना पन्नास,
बिस्किटांच्या डब्यात आठ चिठ्ठ्या.
माझ्या घरातला कॅलमही आला,
आजवर फक्त उसने घेणारा.

आई फोनवर म्हणाली,
"एवढ्या लांब जाऊन भिशीच लावलीस?"
मग जरा थांबून, "कितवा नंबर?"
"आठवा."
"मग बरं. शेवटचा माणूस भिशी बुडवू शकत नाही."
तिने बार्शीच्या शिवणक्लासात अकरा वर्षं वही सांभाळली आहे,
पहिल्या नंबरची माणसं तिला ठाऊक आहेत.

नोव्हेंबरात दाढेने ऐकलं नाही.
गाल असा सुजला की कॉल सेंटरमध्ये
माझं नावही मला नीट सांगता येईना.
तिसरा नंबर कॅलमचा होता.
सायकल चोरीला गेल्यापासून तो चढ पायी चढायचा,
याच पैशांची वाट बघत.
त्याने वहीत आपलं नाव खोडलं,
आठव्या ओळीत लिहिलं,
आणि तिसऱ्या ओळीत माझं, दोन अक्षरं चुकवून.
मी काही बोलायच्या आत म्हणाला,
"तुझं घोरणं चालेल. कण्हणं नको."

दाढ निघाली. वीस मिनिटं.
भूल उतरेपर्यंत मी बसस्टॉपवर बसून होतो,
पावती हातात, तोंड कुणा दुसऱ्याचं.

आता महिन्याच्या महिन्याला मी पन्नास भरतो,
तोंडात नसलेल्या दाढेचे.
व्याज नाही, सही नाही, बँकेचं पत्र नाही.
फक्त संध्याकाळी खिडकीतून कॅलम दिसतो,
हूड ओढून, वाऱ्यात वाकून, चढाच्या मध्यावर
जरा थांबलेला,
आणि माझी जीभ आपोआप त्या खड्ड्याशी जाते.

एकतीस पौंड उरले होते.
कप्प्याचं नाव बदललं. सायकल.
त्याला सांगितलेलं नाही,
एप्रिलमध्ये त्याचा नंबर यायचाच आहे,
कदाचित गरजही पडणार नाही.

कॉफी चालू आहे.
आता दोन्ही बाजूंनी.